डाव्या हाताची सुट्टी

"अंगठा मुठीत घ्या. आता मूठ करंगळीच्या बाजूनं खाली वाकवा."

फिजिओथेरपिस्ट बाईंनी एवढंच सांगितलं आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. अंगठ्याच्या मुळापासून कळ निघाली ती मनगटाच्या कडेनं पार वर चढली. बाईंनी कागदावर 'डी क्वेर्व्हेन' असं काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "घरात तान्हं बाळ आहे का? सतत उचलून घेणाऱ्या आयांना होतं हे." आमच्या घरातलं सगळ्यात तान्हं बाळ बारावीला आहे. "मग मोबाइल?" मोबाइल मी उजव्या हातानं चालवते. "मग डावा हात दिवसभर करतो तरी काय?"

क्लच दाबतो.

बाईंना ते पटलं. मलाच पटेना, म्हणून मोजायचं ठरवलं. आईकडे नामजपाचा काउंटर आहे. बोटात अंगठीसारखा अडकवायचा, बटण दाबलं की आकडा एकानं पुढे सरकतो. तो मागून घेतला. भाच्याला मागे बसवून त्याच्या बोटात तो अडकवला आणि सांगितलं, मावशीनं क्लच दाबला की तू बटण दाब. सकाळी साडेआठला डहाणूकर कॉलनीतून निघालो. चांदणी चौकापर्यंत पोराला मजा वाटत होती. बायपासवर काउंटरला जरा उसंत मिळाली. भुमकर चौकात आकडा तीनशेच्या पुढे गेला तेव्हा "मावशी, माझं बोट दुखतंय" म्हणून त्यानं काउंटर खिशात टाकला. हिंजवडी अजून यायचीच होती.

संध्याकाळी आईला आकडा सांगितला. "तीन माळा झाल्या असत्या एवढ्यात," ती म्हणाली आणि काउंटर शून्यावर आणून देव्हाऱ्यात ठेवून दिला.

माझी आत्ताची गाडी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, सात वर्षांची. तिच्यावरून मी तीनदा गोव्याला गेले, एकदा हंपीला आणि एकदा स्पितीला. आता जरा मोठी, लांबच्या प्रवासाची गाडी घ्यायची असं दोन वर्षांपासून चाललं होतं. मनगटानं त्यात एक अट घातली: क्लच हातानं दाबावा लागू नये. म्हणजे गाडी हवी लांब पल्ल्याची, पण तिच्या क्लचची काळजी शहरासाठी. शोरूममध्ये हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. एका ठिकाणी तर मुलगा म्हणाला, "मॅडम, मग ऑटोमॅटिक स्कूटर घ्या ना. आणि टूरिंगवाली सर बघतील." सर त्या वेळी बाहेर कारमध्ये एसी लावून बसले होते. त्यांना दुचाकीवर बसलं की पाठ धरते.

पण अट दिसते तेवढी विचित्र नाही. लांबच्या प्रवासाची मोटरसायकल विकणारे नेहमी पाचशे किलोमीटरचं बोलतात: टाकी किती लिटरची, काच वारा अडवते का, मागे बसणाऱ्याला टेकायला काही आहे का. महाराष्ट्रात मात्र पाचशे किलोमीटर सलग मोकळे मिळतच नाहीत, निदान दुचाकीला तरी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आम्हाला बंदी. समृद्धी महामार्गावर बंदी. मुंबईत शिरल्यावर सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, सगळीकडे दुचाकीच्या चित्रावर लाल आडवी रेघ. त्यामागे सुरक्षेची कारणं आहेत, ती मला समजतात. पण त्याचा अर्थ असा की सरकारनं बांधलेला प्रत्येक वेगवान रस्ता गाड्यांचा, आणि मोटरसायकलवाल्याच्या वाट्याला जुना हायवे. पुण्याहून मुंबईला जायचं तर देहूरोड, तळेगाव, कामशेत, लोणावळा, मग खंडाळ्याचा जुना घाट. शिंग्रोबाच्या देवळापाशी पुढचा टेम्पो नाणं टाकायला थांबतो आणि त्याच्या मागे आपण उतारावर पहिल्या गिअरमध्ये. पुढे खोपोली, मग पनवेलचा गोंधळ. कोकणात जा, तरी माणगावचा बाजार चुकत नाही. प्रवास लांबचा असतो, पण डाव्या हाताला तो नळ स्टॉपच्या चौकांची माळ वाटतो.

म्हणून मी गाडी शोधताना उलटा हिशेब मांडला. सगळ्यात लांबचे पाचशे किलोमीटर बाजूला ठेवले आणि सगळ्यात हळू जाणारे पाच किलोमीटर हाताशी धरले. पाचशे किलोमीटर काय, कुठलीही धड गाडी नेते.

आधी क्लच म्हणजे काय ते नीट बघावं म्हणून नाना पेठेत गेले. तिथल्या एका बोळात तीस वर्षं मोटरसायकलींची इंजिनं उघडणारे एक काका आहेत. मी गेले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रावर एक उघडलेला क्लच मांडून ठेवला होता. चिरोट्याच्या पुडांसारख्या एकावर एक चकत्या: एक खरखरीत, एक गुळगुळीत पोलादी, पुन्हा एक खरखरीत. सगळ्या ऑइलमध्ये भिजलेल्या. वरून स्प्रिंगा त्यांना घट्ट आवळून धरतात, तेव्हा इंजिनाचं फिरणं चाकापर्यंत पोचतं. आपण मुठीजवळचा लिव्हर ओढतो तो या स्प्रिंगांच्या विरुद्ध. चकत्या सुट्या होतात, इंजिन आपल्या जागी फिरत राहतं, चाक थांबू शकतं. मधल्या अवस्थेत त्या एकमेकींवर घसरत असतात. तो हाफ क्लच.

काकांनी एक काळी पडलेली चकती माझ्या नाकासमोर धरली. जळका, कडवट वास. "ताई, क्लच दाबायला नसतो, सोडायला असतो. दाबायला कुणालाही येतं. सोडायला आलं पाहिजे." मग हसून म्हणाले, "ज्यांना नाही आलं, त्यांच्या पैशानं मी मजला चढवला."

बोलता बोलता त्यांनी माझ्या गाडीचा लिव्हर दोन बोटांनी ओढून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. केबल आतून कोरडी पडली होती, दोन तारा तुटल्या होत्या. नवी केबल टाकली, लिव्हरचा कोन थोडा खाली घेतला, खेळ नीट लावला. खर्च किरकोळ. त्या दिवशी घरी जाताना हात निम्म्यानं हलका वाटला. मनगटासाठी नवी गाडी घ्यायला निघालेल्या कुणालाही मी हे आधी करून बघायला सांगीन. आजकाल बऱ्याच नव्या गाड्यांत स्लिप अँड असिस्ट क्लच असतो, त्यात चकत्या आवळून धरायला इंजिनाचा जोरच मदत करतो, म्हणून स्प्रिंगा मऊ ठेवता येतात आणि लिव्हर हलका लागतो. पुष्कळांचं काम तेवढ्यावर भागेल.

माझं भागलं नाही. लिव्हर हलका झाला तरी तीनशे वेळा दाबायचा तो दाबायचाच.

डाव्या हाताला या कामातून सोडवायची धडपड मात्र बरीच जुनी आहे. होंडाची सुपर कब १९५८ साली आली, तेव्हा ताकेओ फुजिसावा यांच्या डोळ्यांसमोर सोबा नूडल्स पोचवणारा पोऱ्या होता. एका हातात ताटांची चळत, दुसऱ्या हातानं गाडी चालवायची, तर क्लच दाबणार कोण? म्हणून तिला आपोआप जुळणारा केंद्रोत्सारी क्लच बसवला: इंजिनाचा वेग वाढला की आतली वजनं बाहेर फेकली जाऊन पकडतात, वेग उतरला की सोडतात. गिअर पायानं. २०१७ पर्यंत या गाडीचे दहा कोटी नग बनले. त्या क्लचमध्ये वीज नाही, संगणक नाही. एका डिलिव्हरीवाल्याच्या हातातल्या ताटानं हे घडवलं, हे मला फार आवडतं. कारण आज आपल्या चौकाचौकांत पाठीला चौकोनी खोकं लावून उभी असलेली शंभर-सव्वाशे सीसीची गाडी दिवसाला किती क्लच दाबत असेल ते मोजायला कुठला काउंटर पुरेल?

पुण्यात तर हा विषय घराघरांतला. आकुर्डीची चेतक आली १९७२ साली. डाव्या हातानं क्लच दाबायचा आणि दाबलेल्या अवस्थेतच अख्खी मूठ फिरवून गिअर टाकायचा. माझ्या वडिलांचं डावं मनगट उजव्यापेक्षा जाड होतं, ते मला लहानपणी स्वाभाविक वाटायचं. त्याच वर्षी लूना आली, तिला गिअरही नाही आणि क्लचही हाताला नाही. मग १९८४ मध्ये कायनेटिक होंडा: बटण दाबा, मूठ पिळा, निघा. पुण्यातल्या बायका गाडीवर बसून कामाला जायला लागल्या, त्यात या दोन गाड्यांचा वाटा कुणी नाकारू नये. माझी आई लूनावर शाळेत शिकवायला जायची.

मोटरसायकलवर मात्र हे टिकलं नाही. नव्वदच्या दशकात हिरो होंडा स्ट्रीट आली, सुपर कबच्याच घराण्यातली, पायानं गिअर आणि क्लच आपोआप. फार दिवस राहिली नाही. २००९ मध्ये टीव्हीएसनं जाइव्ह आणली, दिसायला चारचौघींसारखी ११० सीसीची मोटरसायकल, पण क्लचचा लिव्हरच नाही. तीही काही वर्षांत दिसेनाशी झाली. माझा आपला अंदाज असा की त्या गाड्यांत खोट नव्हती, खोट आपल्या कल्पनेत होती. मोटरसायकल म्हणजे क्लच, आणि क्लच येतो तो चालवणारा. बिनक्लचची ती बायकांची, म्हाताऱ्यांची. शंभर-सव्वाशे सीसीच्या गिऱ्हाईकाला सोय विकायला गेलं की त्याला आपली पायरी उतरवल्यासारखं वाटतं. तीच सोय साडेसहाशे सीसीच्या गाडीला 'तंत्रज्ञान' म्हणून लावली की मोठ्या दिमाखात विकली जाते.

खरोखरच्या टूरिंग गाडीला इलेक्ट्रॉनिक क्लच लावायचा मोठा प्रयोग यामाहानं केला. एफजेआर १३००, तेराशे सीसीची, शाफ्ट ड्राइव्हची, तीनशे किलोंच्या घरातली लांब पल्ल्याची गाडी. २००६ साली तिची एक आवृत्ती आली, तिला क्लचचा लिव्हर नव्हताच. क्लच मोटर ओढायची, संगणक ठरवायचा कधी आणि किती. गिअर मात्र आपणच बदलायचा, पायानं किंवा डाव्या मुठीजवळच्या बटणानं. ही गाडी भारतात विकायला आली नाही. पण माझा कॉलेजातला एक मित्र न्यू जर्सीत असतो, त्यानं ती जुनी विकत घेतलेली आहे. रोज सकाळी न्यूयॉर्कच्या बोगद्याकडे सरकणाऱ्या रांगेत तो तिच्यावर असतो. त्याला रात्री फोन केला.

"रांगेत स्वर्ग आहे," तो म्हणाला. "पार्किंगमध्ये मात्र नीट शिकावं लागतं."

म्हणजे काय?

"यू-टर्न घे डोळ्यांसमोर. आपण काय करतो? हाफ क्लच धरतो. रेस थोडी, क्लच थोडा, गाडी चालण्याच्या वेगानं वळते. हिच्यात तो थोडा क्लच तुझ्या हातात नाही. रेस सोडलीस की ती बिचारी समजते, बाई थांबत्ये, आणि चाकाचा आणि इंजिनाचा संबंध तोडते. वळणाच्या ऐन मध्यावर तीनशे किलोची गाडी पोरकी होते. मग युक्ती अशी की रेस सोडायचीच नाही. किंचित चालू ठेवायची आणि मागचा ब्रेक पायानं हलका धरून वेग मारायचा. मला महिना लागला अंगवळणी पडायला."

हा फोन झाल्यावर मला प्रश्न नीट कळला. शहरात क्लच दोन कामं करतो. एक हमालीचं: थांब, निघ, थांब, निघ, गिअर वर, गिअर खाली. दुसरं कसबाचं: चालण्याच्या वेगानं जड गाडीचा तोल सांभाळणं, सोसायटीच्या रॅम्पवर, रिक्षा आणि दुभाजकाच्या फटीतून, गायीला वळसा घालून. हमाली कुणीही घेऊन जावी, मी आनंदानं देते. कसब मला माझ्याकडे हवं. नव्या गाड्या बघताना मी मग एवढंच विचारत गेले: हमालीबरोबर ती माझं कसबही नेते का?

होंडाचा ई-क्लच या कसोटीला सगळ्यात जवळ येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात तो दाखवला गेला, आणि मे २०२५ मध्ये सीबी ६५० आर आणि सीबीआर ६५० आर या दोन गाड्यांवर भारतात आला. इंजिनाच्या उजव्या झाकणावर, पोटरीच्या जवळ, एक फुगवटा दिसतो. त्यात दोन छोट्या मोटर आहेत, त्या क्लच उघडतात-मिटतात. सगळ्या यंत्रणेचं वजन साधारण दोन किलो. खुबी अशी की मुठीवरचा लिव्हर आणि केबल जागच्या जागी आहेत. मोटर काम करत असताना लिव्हर सैल लोंबतो. तुम्ही तो ओढला की कारभार तुमच्याकडे, सोडून दिलात की काही सेकंदांत पुन्हा मोटरकडे. घरात मोलकरीण असावी, पण आपण झाडू हातात घेतला तर तिनं रागावू नये, असं.

गाडी चालवून पाहिली ती कर्वे रस्त्यावर, संध्याकाळी सहाला, मुद्दाम. पहिला गिअर टाकताना डावी बोटं आपोआप लिव्हरवर गेली, मी ती मागे घेतली आणि पायानं खटका दाबला. गिअर पडला, गाडी जागची हलली नाही. हा क्षण फार विचित्र असतो. गिअरमध्ये आहे, क्लच सोडलेला आहे, आणि गाडी शांत उभी. माझ्या पोटात गोळा. उजवी मूठ किंचित पिळली, तर लोण्यात सुरी जावी तशी निघाली. पुढच्या सिग्नलला नुसता ब्रेक दाबला. थांबली, बंद पडली नाही. दशभुजा गणपतीपाशी नेहमीची कोंडी होती, त्यात वीसेक वेळा थांबले असेन. डावा हात मुठीवर नुसता ठेवलेला, देवळात घंटेखाली उभ्या असलेल्या माणसासारखा, काय करावं ते न सुचून.

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. गिअर आपोआप उतरत नाही. तिसऱ्यात थांबलात तर तिसऱ्यातच उभी राहते, डॅशबोर्डवर खूण लुकलुकवून सांगते, पण खाली उतरवायचं काम पायाचं. ते न करता रोज तिसऱ्यातून उचलत राहिलात तर नाना पेठेतल्या काकांचा दुसरा मजला होईल. आणि चढावर थांबली की क्लच उघडा असतो, त्यामुळे ब्रेक सोडला की मागे घरंगळते. स्कूटरवाल्यांना हे माहीत आहे, मोटरसायकलवाल्यांना शिकावं लागतं. गाडी बंद केल्यावर मात्र क्लच पुन्हा मिटतो, म्हणून उतारावर गिअरमध्ये टाकून उभी करता येते. ज्यांच्या सोसायटीचं पार्किंग घसरगुंडीवर आहे त्यांनाच याची किंमत कळेल.

यू-टर्न मी शोरूमच्या मागच्या गल्लीत घेतला. लिव्हर ओढून, जुन्या पद्धतीनं, हाफ क्लचवर. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

पण ही टूरिंगची गाडी आहे का? प्रामाणिक उत्तर: नाही. सीबी उघडीवाघडी, सीबीआर पुढे वाकून बसायची. चार सिलिंडरचं ६४९ सीसीचं इंजिन रेशमासारखं आहे, पण ते लांबच्या प्रवासाला सामान लादून, काच बसवून, आपणच तयार करून घ्यायचं. मी पाठीचा विचार करून सीबीकडे झुकले. नवरा म्हणाला, एका मनगटासाठी एवढं? त्याला पाठीची आठवण करून दिली.

दुसरं घराणं ड्युअल क्लचचं. होंडानं ते २०१० मध्ये व्हीएफआर १२०० एफ या गाडीवर आणलं. यात क्लच दोन: एक, तीन, पाच हे गिअर एका क्लचवर आणि दोन, चार, सहा दुसऱ्यावर. एक पोळी तव्यावर भाजत असताना दुसरी लाटून तयार असते, तसा पुढचा गिअर आधीच जुळवून ठेवलेला असतो. बदल होतो तो जाणवतही नाही. हातही मोकळा, पायही मोकळा. किंमत वजनात मोजावी लागते. आफ्रिका ट्विनसारख्या गाडीवर ही यंत्रणा सुमारे दहा किलो भर घालते. भारतात ती एक्स-एडीव्हीवर मिळते, ७४५ सीसीची, अर्धी स्कूटर अर्धी साहसी मोटरसायकल. तिच्या डाव्या हाताला लिव्हर आहे, पण तो क्लच नव्हे, मागचा ब्रेक. पस्तीस वर्षं घाबरलं की डाव्या बोटांनी क्लच ओढणाऱ्या माझ्यासारखीनं तिथे पहिला महिना सावध राहावं. घाबरल्यावर हात विचार करत नाही.

सगळ्यात वरच्या टोकाला गोल्डविंग. सात गिअरचा ड्युअल क्लच, आणि बटण दाबल्यावर चालण्याच्या वेगानं पुढे आणि मागेही सरकणारी. पावणेचारशे किलोंहून जड गाडी पार्किंगमधून मागे घेताना ते सरकणं चैन राहत नाही, गरज होते. भुमकर चौकात गोल्डविंग घेऊन जाणाऱ्याला मी लांबूनच नमस्कार करीन.

तिसरं, अगदी अलीकडचं घराणं लिव्हर काढून टाकणाऱ्यांचं. बीएमडब्ल्यूची २०२४ ची यंत्रणा जीएसच्या १३०० सीसीच्या गाड्यांसाठी आली: डावा लिव्हर नाही, पायातला गिअर आहे पण तो फक्त इशारा देतो, आणि हवं तर गाडी स्वतःच गिअर निवडते. यामाहानं त्याच वर्षी पायातला लिव्हरही काढला आणि दोन बटणं हाती दिली. २०२५ मध्ये ही यंत्रणा त्यांच्या ट्रेसर ९ जीटी प्लस या अस्सल टूरिंग गाडीवर आली. यंत्रणेचं वजन जेमतेम पावणेतीन किलो. अभियांत्रिकी म्हणून सुंदर. पण माझ्या मनात मित्राचं ते 'पोरकी होते' बसलं होतं. शिवाय मी जिथे जाते तिथला विचार करते. आंबोलीत पावसात विजेचं काही बिघडलं, तर लिव्हर आणि केबल असलेली गाडी मी आंबोलीच्या मेकॅनिकला समजावून सांगू शकते.

एक गोष्ट जाहिरातींत क्लचच्या मागे लपते, ती म्हणजे पाय. सगळ्यात हळू जाणाऱ्या पाच किलोमीटरमध्ये आपण दर मिनिटाला पाय जमिनीला लावतो. मी पाच फूट दोन इंच. सीबीची सीट ८१० मिलिमीटर, वजन दोनशे किलोंच्या थोडं वर. माझे दोन्ही चवडे टेकतात, टाचा नाहीत. साहसी म्हणवणाऱ्या बहुतेक उंच टूरिंग गाड्यांवर मी एका पायाच्या अंगठ्यावर उभी असते, बगळ्यासारखी. डांबराच्या कडेला खड्डा असला आणि पाय तिथेच पडला, की क्लच इलेक्ट्रॉनिक असो नाहीतर सोन्याचा, गाडी आडवी. दोन वर्षांपूर्वी एका उंच गाडीची चक्कर घेताना माझ्याकडून ती अशीच उभ्या उभ्या आडवी झाली होती, शोरूमच्या दारातच. विक्रेत्यानं "काही नाही, होतं" म्हटलं आणि लगेच आरसा किती खरचटला ते बघितलं. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीवर आधी बसते, दोन्ही पाय टेकते, हँडल पूर्ण डावीकडे वळवून तोल बघते. मग क्लचबद्दल विचारते.

उरला पैसा. सीबी ६५० आर ई-क्लचची जाहीर झाली तेव्हाची शोरूम किंमत ९ लाख ६० हजार, सीबीआरची १० लाख ४० हजार. एक्स-एडीव्हीची ११ लाख ९० हजार. त्यावर रस्ता कर आणि विमा वेगळा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीवर जीएसटी ४० टक्के, आणि खालच्या गाड्यांवर २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला. म्हणजे आज तरी डाव्या हाताची सुट्टी नेमकी ४० टक्क्यांच्या पट्ट्यात विकली जाते. ज्याला ती सुट्टी सगळ्यात जास्त हवी, तो १८ टक्क्यांच्या पट्ट्यात क्लच दाबत बसलेला आहे. हे तंत्र लहान गाडीला परवडत नाही म्हणावं तर २०२५ साली जपानमध्ये होंडानं अडीचशे सीसीच्या रेबेलवर ते दिलं. दोन किलोंची यंत्रणा, दोन मोटर. साडेतीनशेच्या आतल्या एखाद्या साध्या, सामान लादता येईल अशा गाडीवर ती इथे आली, तर मी रांगेत पहिली उभी राहीन आणि माझ्या मागे खोकंवाले सगळे असतील.

मी अजून पैसे भरलेले नाहीत. फिजिओथेरपिस्ट बाईंनी अंगठ्याला पट्टा दिलाय, तो सहा आठवडे. मन सीबीवर आहे, डोकं त्या न आलेल्या गाडीची वाट बघा म्हणतंय. रोज कामावर जाण्यात जास्त वेळ जाणाऱ्या आणि वर्षातून एकदोनदाच दूर जाणाऱ्या मैत्रिणीला मी एक्स-एडीव्ही सुचवली, तिनं घेतलीही. सहा फुटी दिराला जीएस हवी आहे, त्याला काही सुचवायची गरज नव्हती, त्याचं ठरलेलंच असतं.

परवा पुन्हा एकदा सीबीची चक्कर मागितली. या वेळी पाऊण तास, थेट वारज्यापर्यंत आणि परत. परत आल्यावर किल्ली दिली, चहा घेतला, पट्टा पुन्हा अंगठ्याला बांधला आणि माझ्या जुन्या गाडीवर बसून निघाले. हात हलका होता, डोक्यात हिशेब चालले होते. नळ स्टॉपला दिवा लाल झाला. मी दुसऱ्या गिअरमध्ये होते. अगदी सवयीनं, पाऊण तासाच्या नव्या सवयीनं, नुसता ब्रेक दाबला. गाडी थरथरली, एक आचका दिला आणि भर चौकात, पांढऱ्या पट्ट्यावर, बंद पडली. ती पुन्हा चालू करायच्या नादात दिवा हिरवा झाला. मागे हॉर्न सुरू झाले. शेजारच्या रिक्षातून पांढऱ्या मिशांचे एक काका वाकून, अगदी मायेनं म्हणाले,

"क्लच दाबा, ताई. क्लच. नवीनच शिकताय का?"